काठीवरचे चार सेंटिमीटर

बुधवार, १२ फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं. हाल्लावारा गावच्या तळ्यावर, काठापासून ऐंशी पावलांवर बर्फाची जाडी दोनदा मोजली गेली आणि दोन वेगळे आकडे निघाले. मुलांच्या काठीनं बावन्न सेंटिमीटर दाखवले. शिक्षिका हिल्का मोइलानेनच्या पोलादी पट्टीनं अठ्ठेचाळीस.

हवा उणे नऊ होती. पाचवी-सहावीच्या एकत्र वर्गातली चौदा मुलं गिरमिटानं पाडलेल्या भोकाभोवती गोल करून उभी होती. गुडघ्यावर बसून काठी धरली होती इल्ता रेसोनेननं. तिनं आकडा मोठ्यानं सांगितला, वेइक्कानं वहीत टिपला, आणि वर्ग परत निघाला, कारण पावणेअकराला जेवण होतं आणि बुधवारी मासळीचं सूप असे.

दोन आकडे निघाले हे फक्त हिल्काला ठाऊक होतं. आधीच्या बुधवारी तिनं ते शेजारी ठेवून बघितले नव्हते. मुलं बर्फावर पाय ठेवण्यापूर्वी ती एकटी पुढं जाई, आपल्या गिरमिटानं वेगळं भोक पाडी, जाडी बघी, मेणकापडाच्या वहीत लिही आणि मग हात वर करी. बर्फ वजन पेलेल की नाही हे ठरवणं तिचं काम. भोक कुठं पाडायचं, कुणी मोजायचं, कसं लिहायचं, गावच्या साप्ताहिकाला काय कळवायचं, हे सगळं मुलांचं काम. डिसेंबरात वर्गानं तशी वाटणी केली होती आणि फळ्याच्या कडेला लिहून ठेवली होती.

दर वर्षी एक काम असं करायचं असतं ज्यात सगळे विषय एकत्र येतात. विषय मुलांनी निवडायचा. या वर्षी त्यांनी विचारलं होतं, की तळ्यावरचा बर्फ कधी जाईल? हाल्लावारात हा प्रश्न सगळेच विचारतात. निवृत्त पोस्टमन उर्पो कार्पिनेन दर हिवाळ्यात तळ्याच्या मध्यावर काळं-पिवळं पिंप उभं करतो. पिंपाला बांधलेली तार त्याच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीवरच्या घड्याळापर्यंत येते. बर्फ सरकला की तार ओढली जाते, घड्याळ बंद पडतं. ज्याचा अंदाज त्या वेळेच्या सगळ्यांत जवळ, त्याला उर्पोनं धुरावलेला मोठा मासा. लोक गुडघेदुखीवरून, कावळ्यांवरून, सासूच्या वाढदिवसावरून तारीख सांगत. हिशेब करून सांगायचं असं ठरवणारा शाळेचा वर्ग पहिलाच.

एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत दोन मीटर. तेवढ्यात बर्फ अर्धा-एक सेंटिमीटर कमीजास्त होतो. चार होत नाही. दुपारी मुलं घरी गेल्यावर हिल्कानं व्हरांड्यातल्या बुटांच्या कप्प्यावरून काठी उचलली आणि टेपनं तपासली. दोन मिनिटांत उलगडा झाला.

काठी इल्तानं नोव्हेंबरात शाळेच्या सुतारखोलीत केली होती. बर्चची, दीड मीटर लांब, रंधा मारून गुळगुळीत. खालच्या टोकापासून मोजत तापल्या तारेनं आकडे डागलेले, एकेक रेघ सरळ. खालच्याच टोकाला पितळी हूक बसवायचा होता. काठी भोकात सोडायची, हूक बर्फाच्या तळाला अडकवायचा आणि वरच्या पातळीशी आलेला आकडा वाचायचा, अशी ती योजना. पण स्क्रू पिळताना टोक तडकलं. इल्तानं भेग सरसानं जुळवली आणि हूक धड लाकडावर, थोडा वर घेऊन बसवला. चार सेंटिमीटर वर. आकडे मात्र खालच्या टोकापासूनच राहिले. त्यामुळं हुकाखालचं चार सेंटिमीटर लाकूडही काठी बर्फ म्हणून मोजत होती.

शिक्षकांच्या खोलीत ओइवा तेर्वो कॉफीचं भांडं धूत होता. तो मुख्याध्यापक, तिसरी-चौथीचा शिक्षक आणि सुतारकामही त्याच्याकडं.

"हूक वर घेतला तेव्हा मी शेजारीच उभा होतो," तो म्हणाला. "म्हटलं, शाब्बास, नवं लाकूड न मागता मार्ग काढलास. आकड्यांचं माझ्याही डोक्यात आलं नाही."

"आणि म्हणे मुख्याध्यापक."

"सुतारखोलीत मी सुतार असतो. चुका मुख्याध्यापकाच्या नावावर टाकू नकोस."

"मी तिला सांगणार नाहीये, ओइवा. इतक्यात तरी."

ओइवानं भांडं पालथं घातलं. "हे मला विचारतेस की सांगतेस?"

"सांगतेय."

"मग बस, कॉफी घे. वर्ग तुझा आहे."

हिल्का एकवीस वर्षं या शाळेत होती. तिच्या वर्गात कुणी तपासनीस डोकावला नव्हता आणि ओइवानं तिच्याकडं कधी टाचण मागितलं नव्हतं. त्यामुळं चुकलं तर बोट दाखवायला दुसरं कुणी नसे, हे तिला चांगलं माहीत होतं.

इल्ता ऑगस्टात कुओपिओ शहरातून आली होती. आई सिर्क्कूला इथल्या आरोग्य केंद्रात परिचारिकेची नोकरी मिळाली म्हणून. पहिल्याच आठवड्यात अपूर्णांकाचं गणित सोडवायला ती फळ्याशी गेली, एक ओळ लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली आणि पेन हिल्काच्या हातात देत म्हणाली, "उत्तर काय आहे ते सांगून टाक ना. मी लिहिते." शिक्षकांना नावानं आणि 'तू' म्हणायची इथं रीतच आहे. सुरात चिडचिड नव्हती, आळसही नव्हता. दुकानात पिशवी मागावी तसं तिनं उत्तर मागितलं. आधीच्या शाळेत मोठा वर्ग होता, घाई होती. तिनं विचार संपवायच्या आत कुणीतरी उत्तर दिलेलं असे. मग तिनं विचार करणंच सोडलं होतं.

मंगळवारी तालुक्याच्या गावातून विशेष शिक्षिका अन्नुक्का येई. चौदातली नऊ मुलं आळीपाळीनं तिच्याजवळ जाऊन बसत. कुणाचं वाचन अडलेलं, कुणाचा उच्चार, कुणाचं गेल्या आठवड्यातलं भागाकाराचं गणित. तोंडी हिशेबात सगळ्यांच्या पुढं असलेला वेइक्कासुद्धा जाई, कारण त्याचं अक्षर त्यालाच लागत नसे. त्यामुळं इल्ता उठून गेली तरी कुणी मान वर करत नसे. नोव्हेंबरात तिनं काठी केली. जानेवारीत बर्फ मोजायला लागल्यावर तिचा हात पहिल्यांदा वर गेला. दर बुधवारी काठी तिनंच धरायची, असं मुलांनी मतदान न घेताच मानलं होतं.

आता या काठीवरची चूक आपण दाखवली, तर इल्ता म्हणेल बरं, आणि दुरुस्त करेल. आणि पुन्हा एकदा उत्तर दुसऱ्या कुणीतरी दिलेलं असेल. तिनं स्वतः शोधली, तर ती चूक तिची होईल आणि शोधही तिचाच. पण शोधलीच नाही तर? बर्फ गेला, अंदाज चुकला, गावभर हसू झालं, तर ही मुलगी पुन्हा कधी काठी हातात धरेल?

हिल्कानं वहीत त्या दिवसाच्या आकड्याखाली लिहिलं: "धोका नाही, माझी पट्टी बरोबर आहे. ३० एप्रिलपर्यंत वाट बघायची. नंतर सांगायचं." आणि खाली रेघ ओढली.

आठ दिवसांनी, गुरुवारी दुपारी तीन वाजता, मूल्यमापनाची भेट होती. मूल, पालक, शिक्षक, तिघांनी एका टेबलाशी बसायचं. बोलायला सुरुवात मुलानं करायची. सिर्क्कू कामावरून थेट आली होती. दारात बूट काढून लोकरी मोज्यांवर आत आली आणि मुलांच्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली.

"मला काय येतं ते आधी सांगायचं ना?" इल्तानं हातातल्या कागदाकडं बघत विचारलं.

"तुला हवं ते आधी सांग."

"पोहायला येतं. स्कीवर उतारावर अजून पडते. इंग्रजी बरं आहे. आणि मला मोजायला येतं." ती थांबली. "म्हणजे अचूक मोजायला. वेइक्का घाई करतो. मी नाही करत."

सिर्क्कूनं लेकीकडं असं बघितलं, जणू कुणी अनोळखी माणूस ओळखीच्या आवाजात बोलत होता. "कुओपिओत ही खोडरबरनं कागद फाटेपर्यंत खोडायची," ती हिल्काला म्हणाली. "मला तर वहीपेक्षा खोडरबरवर जास्त खर्च आला."

"आई!"

"खोटं आहे का?"

दोघी हसल्या. हिल्काही हसली. तिच्या जिभेवर वाक्य आलं होतं, ते तिनं गिळलं. नंतर तिला वाटलं, की नेमकं तेव्हा गप्प बसायला नको होतं. पण त्या वेळी इल्ता पुढच्या ओळीवर गेली होती: "अजून काय यायला हवं. नकाशा वाचणं. आणि भांडण झालं की घरी न जाणं."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्कीची सुट्टी झाली. १९ मार्चला, बुधवारी, उर्पो कार्पिनेन वर्गात आला. मुलांनीच त्याला बोलावलं होतं. वय एक्याऐंशी, कानटोपी घरातही काढत नसे. काखेत १९६२पासूनची वही होती. पोस्टात बुधवारी त्याची फेरी लवकर संपे, म्हणून तो बुधवारीच बर्फ मोजायचा आणि निवृत्त झाल्यावरही वार बदलला नव्हता.

"आज सकाळी किती?" त्यानं विचारलं.

"बासष्ट," इल्ता म्हणाली.

"माझ्याकडं अठ्ठावन्न." त्यानं वही लांब धरून पुन्हा बघितली. "तुमच्या शाळेला जेवणासारखा बर्फही नगरपालिकाच देते काय? इतका ताटात जास्त वाढलेला?"

पोरं खिदळली. वेइक्का म्हणाला, "उर्पो, तुझा चष्मा कुठल्या सालचा?"

"तुझ्या बापाला मी पत्रं टाकायचो तेव्हाचा. एकही चुकीच्या घरी गेलं नाही, विचार त्याला."

"भोक कुठं पाडतोस तू?" इल्तानं विचारलं.

"पिंपाजवळ."

"आम्ही काठाजवळ. म्हणून फरक असेल."

"असेल," उर्पो म्हणाला आणि हिल्काकडं बघितलं. साठ वर्षं बर्फ मोजलेल्या माणसाला काठावर आणि मध्यावर किती फरक पडतो हे कळतं. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर गेल्यावर तो खिडकीशी उभा राहून म्हणाला, "तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"आमचा मास्तर असता तर पट्टीनं बोटं लाल केली असती. एका मिनिटात प्रकरण संपलं असतं."

"आणि तू काय शिकलास त्यातनं?"

उर्पोनं विचार केला. "बोटं लपवायला." मग तो कॉफी पिऊन घरी गेला आणि गावात कुणापाशी बोलला नाही. हाल्लावारात दुसऱ्याच्या कामात बोलायचं नाही हा रिवाज इतका मुरलेला आहे, की अंगणातली लाकडांची शेड पेटली तरी शेजारी आधी विचारतात, हे मुद्दाम केलंय का? हिल्काच्या बाबतीतही तेच झालं. चूक माहीत असलेली माणसं आता तीन होती आणि तिघंही सभ्यपणानं गप्प होती.

९ एप्रिलला शेवटचं मोजमाप झालं. मुलांच्या काठीवर एकोणसाठ, हिल्काच्या पट्टीवर पंचावन्न. जाडी भरपूर होती, पण वरचा थर भुसभुशीत झाला होता आणि काठाशी पाणी दिसायला लागलं होतं. हिल्का म्हणाली, आता बर्फावर जाणं बंद, आणि त्यावर चर्चा झाली नाही. त्या रात्री वर्गाचा अंदाज साप्ताहिकाकडं गेला: बर्फ १४ मे रोजी जाईल. दुसऱ्या दिवशी तो छापून आला, शेजारी वर्गाचा फोटो. पहिल्या रांगेत इल्ता, हातात काठी भाल्यासारखी.

१६ एप्रिल, बुधवार, ईस्टरच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. सव्वानऊला वर्गानं उर्पोकडून मागवलेले त्याच्या वहीतले या वर्षीचे आकडे आणि आपले आकडे एकाच आलेखावर मांडायला घेतले. हे काम हिल्कानं दिलं नव्हतं. उर्पोच्या बर्फाला नावं ठेवायला पुरावा हवा, म्हणून वेइक्कानं काढलं होतं. इल्ता आकडे वाचत होती, वेइक्का ठिपके देत होता.

"हे बघा," वेइक्का म्हणाला. "आपली रेघ वर, त्याची खाली. किती फरक?"

"चार," कुणीतरी म्हणालं.

"आणि फेब्रुवारीत?"

"चार."

"मार्चमध्ये?"

"साडेतीन. नाही, चार. चारच."

वेइक्का खुर्चीवर गुडघे टेकून उभा राहिला. "असं कसं? जागेमुळं फरक असता तर कधी दोन असता, कधी सहा. बर्फाला काय माहीत, चारच ठेवायचा म्हणून?"

"उर्पोनं मुद्दाम कमी लिहिलं असेल. मासा वाचवायला," मागून सहावीतली ऐनो म्हणाली.

"बारा वेळा?"

इल्तानं वाचत असलेली वही बंद केली. घंटा झाली आणि बाकीची तेरा मुलं टोप्या-बूट चढवून पटांगणात पळाली. इल्ता व्हरांड्यात बुटांच्या बाकावर बसली. कप्प्यावरची काठी तिनं मांडीवर घेतली होती.

मधली सुट्टी पंधरा मिनिटांची. व्हरांडा आणि वर्ग यांच्यामध्ये काचेचं दार आहे. हिल्का वर्गात टेबलाशी उभी होती. बाहेर जाण्याचा नियम इल्तानं मोडला होता आणि तिला बाहेर पाठवणं हे शिक्षिकेचं काम होतं. हिल्का जागची हलली नाही. इल्तानं काठी उलटी केली. अंगठा हुकावर ठेवला. मग टोकावर. मग पुन्हा हुकावर. भेगेवरून नख फिरवलं. नंतर बराच वेळ ती नुसतीच बसून राहिली, आणि हिल्काला भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना दिसत होता. नऊ मिनिटं. अकरा. तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

मुलं आत आली तेव्हा इल्ताचं टेपनं मोजून झालं होतं. ती फळ्याजवळ गेली. चेहरा कानापर्यंत लाल.

"काठी चुकलीये," ती म्हणाली. "टोक तडकलं म्हणून हूक मी वर घेतला. आकडे खालून आहेत. चार सेंटिमीटर लाकूडच आहे. बर्फ नाही." मग श्वास घेऊन, "मीच घेतला होता वर. ओइवानं नाही."

वेइक्का म्हणाला, "म्हणजे उर्पो आंधळा नाही. मला त्याची माफी मागावी लागेल. तुझ्यामुळं."

हशा झाला. ऐनोनं विचारलं, "मग सगळीकडनं चार वजा केले की झालं ना?"

"झालं," इल्ता म्हणाली आणि फळ्यावर वजाबाकी सुरू केली. एकही ओळ पुसली नाही. बारा आकडे दुरुस्त झाले, वितळण्याचा वेग उर्पोच्या वहीतल्या जुन्या नोंदींतून घेतलेलाच होता, नवी तारीख निघाली: ११ मे. हिल्का मागं शेवटच्या बाकावर बसली होती. एकवीस वर्षांत असा तास फार वेळा झाला नव्हता आणि ते तिला कळत होतं.

मग इल्ता मागं वळली.

"हिल्का, आमच्या आधी तूही मोजायचीस ना? तुझ्या गिरमिटानं."

"हो."

"तुझ्या वहीत काय आहे?"

हिल्कानं मेणकापडाची वही उघडून तिच्या हातात दिली. इल्तानं पान उलटलं. तेरा मुलं बघत होती.

"तुझे बरोबर आहेत," इल्ता म्हणाली. "सगळे. तुला माहीत होतं."

"१२ फेब्रुवारीपासून."

"म्हणजे आई आली होती तेव्हाही? मी म्हणाले, मला अचूक मोजता येतं, तेव्हाही?"

"तेव्हाही."

"आणि तू हसलीस."

"हसले. पण तुला नाही हसले, इल्ता."

"मला काय माहीत?" तिनं वही बाकावर ठेवली, आपटली नाही. "सांगायचं होतंस."

हिल्कानं सांगितलं, की तिनं स्वतः शोधावं अशी तिची इच्छा होती, आणि ती शोधेल याची तिला खात्री होती. खात्री होती हे पूर्ण खरं नव्हतं, म्हणून तिनं दुरुस्त केलं, "खात्री नव्हती. आशा होती." वेइक्कानं मान डोलावली, जणू हे ठीक आहे. इल्तानं डोलावली नाही. साडेबाराला शाळा सुटली आणि ती कुणासाठी न थांबता स्कीवर घरी गेली. उतारावर पडली नाही, हे हिल्कानं खिडकीतून बघितलं.

संध्याकाळी सहाला सिर्क्कूचा फोन आला.

"माझी पोरगी तुझ्यावर चिडलीये."

"माहितेय. बरोबरच आहे तिचं. तुलाही मी सांगायला हवं होतं."

"हवं होतं. मी पण थोडी चिडणार आहे, पण उद्या, आज पाय दुखताहेत." फोनवर भांड्यांचा आवाज आला. "एक सांगू? कुओपिओत असलं काही झालं की ती पांघरुणात तोंड घालून पडायची. जेवायची नाही. आज दोन ताटं मटणपाव खाल्लाय आणि घरभर पाय आपटत फिरतीये. म्हणतीये, दुरुस्ती पेपरात मीच लिहिणार, हिल्कानं हात लावायचा नाही. मला रडणारीपेक्षा चिडलेली परवडते."

"मी हात लावणार नाही."

"लावू नकोसच. ती मोजतीये शब्द."

२४ एप्रिलच्या साप्ताहिकात तिसऱ्या पानावर चौकट आली. "दुरुस्ती. हाल्लावारा शाळेच्या पाचवी-सहावीनं १५ जानेवारी ते ९ एप्रिल या काळात दिलेले बर्फाचे सर्व आकडे चार सेंटिमीटरनं जास्त होते. मोजायच्या काठीचा हूक चुकीच्या जागी होता. काठी मी केली होती. उर्पो कार्पिनेन यांचे आकडे बरोबर होते. बर्फ ११ मे रोजी जाईल असा आमचा नवा अंदाज आहे. इल्ता रेसोनेन, पाचवी." संपादकानं फक्त एक स्वल्पविराम घातला होता, इल्तानं तो शोधून काढला आणि मान्य केला. उर्पोनं चौकट कापून सौनाच्या भिंतीवर घड्याळाखाली चिकटवली. नियमाप्रमाणं अंदाज बदलता येत नव्हता. त्यानं सौनात बसून नियम बदलला आणि गावातल्या इतर चौघांनीही लगेच आपापल्या तारखा बदलून घेतल्या.

३० एप्रिल आला. मे दिनाच्या आदल्या दिवशीचा सण म्हणून मुलांनी डोनट खाल्ले आणि फुगे फोडले. हिल्काच्या वहीतल्या तारखेची गरज उरली नव्हती. इल्ता वर्गात नेहमीसारखी वागत होती. हात वर करत होती, अन्नुक्काकडं जात होती, जेवताना वेइक्काच्या ताटातली काकडी पळवत होती. हिल्काशी कामापुरतं बोलत होती. इल्ताला मोजता येतं, याबद्दल आता कुणाला शंका नव्हती, इल्तालाही नाही. शंका दुसरीकडं होती, आणि हिल्काला ती रोज सकाळी पावणेनऊला दारातून आत येताना दिसत होती.

शुक्रवार, ९ मे. शेवटचा तास तळ्याच्या काठावर होता. बर्फ राखाडी झाला होता आणि काठाला दीड मीटर रुंदीचं मोकळं पाणी होतं. मुलं जमिनीवरूनच दोरी टाकून ते पाणी मोजत होती. काठीवरचे जुने आकडे इल्तानं किसून काढून हुकापासून नव्यानं डागले होते, पण आज काठीचं काम नव्हतं. ती दगडावर बसलेल्या हिल्काजवळ आली आणि उभीच राहिली.

"पुढच्या वर्षी मी सहावीत. म्हणजे याच वर्गात."

"हो."

"परत असं झालं, की कुणाचं तरी चुकलंय आणि तुला माहीत आहे, तर तू परत गप्प बसणार?"

"मी याचा विचार करतेय."

"मी केलाय." इल्तानं खिशातून दुमडलेला कागद काढला, पण उघडला नाही, तिला पाठ होतं. "उत्तर सांगायचं नाही. कुठं चुकलंय तेही नाही. पण काहीतरी चुकलंय, एवढं सांगायचं. त्याच दिवशी. मग शोधायचं काम आमचं. म्हणजे एकटं तुलाच माहीत, असं होणार नाही."

"सगळ्यांच्या बाबतीत?"

"सगळ्यांच्या. वेइक्काच्या पण. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, त्याच्या चुका त्याच दिवशी सांगायला तुला वेळ पुरणार नाही."

हिल्काला हसू आलं आणि या वेळी तिनं आधी इल्ताकडं बघितलं. इल्ताही हसत होती, अर्धी.

"काहीतरी चुकलंय एवढं कळलं असतं," हिल्कानं विचारलं, "तर तू शोधलं असतंस? फेब्रुवारीत?"

इल्तानं बर्फाकडं बघत विचार केला. तिनं बराच वेळ घेतला आणि हिल्कानं तो घेऊ दिला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित कागद फाटेपर्यंत खोडत बसले असते. पण तरी सांगायला हवं होतंस."

हिल्कानं कागद मागून घेतला. हा नियम फळ्याच्या कडेला लिहायचा की नाही, हे ती सोमवारी, १२ मे रोजी, पहिल्या तासाला वर्गासमोर सांगेल, असं तिनं कबूल केलं. ओइवाला तिनं विचारलेलं नाही. त्यानंही विचारलेलं नाही.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मुलं परत निघाली, तेव्हा पिंप उभं होतं आणि उर्पोचं घड्याळ चालू होतं.